शेंडा राखून

परसातल्या पालेभाजीची गोष्ट मंडळीच्या मासिकात कशाला, असे काही वाचक म्हणतील. पण पवित्र शास्त्राने भाजीच्या वाफ्याला क्षुल्लक मानलेले नाही. अहाब राजाने नाबोथाचा द्राक्षमळा मागितला तो राजवाड्यालगत भाजीचा मळा करावा म्हणून (१ राजे २१), आणि त्या साध्या दिसणाऱ्या इच्छेपायी एका निरपराध माणसाचा जीव गेला. बाबेलात धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने पत्र लिहिले, त्यात घरे बांधून राहा आणि मळे लावून त्यांचे उत्पन्न खा असा सल्ला होता (यिर्मया २९). आणि प्रभू येशूने परूश्यांना दोष दिला तेव्हा पुदिना, सताप अशा परसातल्या पाल्याचेच नाव घेऊन दिला (लूक ११:४२). या शेवटच्या वचनाकडे आम्ही पुढे येऊ. आधी गेल्या हिवाळ्यात आमच्या परसात काय घडले ते सांगतो. कारण या लेखातील प्रश्न आम्हांस पुस्तकातून सुचलेला नाही. आमच्या हातून चूक झाली तेव्हा तो समोर येऊन उभा राहिला.

आम्ही आदिलाबाद जिल्ह्यात राहतो. महाराष्ट्रातील वाचकांना हा मुलूख फारसा परका वाटू नये. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा या जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि आमचा भाग आंध्र प्रदेशात राहिला. २०१४ पासून आम्ही तेलंगणात आहोत. राज्ये बदलली तरी घरातली भाषा आणि ताटातली भाकर बदलली नाही. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर काळी जमीन, कापूस, तूर आणि ज्वारी. आणि भाजी म्हटली की अंबाडी. आमचे तेलुगू शेजारी तिला पुंटिकूर म्हणतात. डाळीत शिजवलेली आंबट अंबाडी आणि ज्वारीची भाकर यांवर या भागातल्या किती पिढ्या वाढल्या असतील ते देवच जाणे.

तेलंगणात थंडीचे नाव निघाले की आदिलाबादचे नाव निघते. काही वर्षी तर रात्रीचा पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो. आमच्या पुण्याच्या भाच्याला हे ठाऊक असल्यामुळे त्याने केल नावाच्या भाजीचे बी पाठवले. नाव ऐकून शेजाऱ्यांना वाटले, आम्ही केळी लावतो आहोत. पण ही कोबीच्या जातीची भाजी. कोबी, फुलकोबी, नवलकोल आणि केल ही वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने एकाच जातीची भावंडे होत. माणसाने शेकडो वर्षे निवड करीत कुणाचे पान वाढवले, कुणाचे फूल, तर कुणाचा कांदा. काश्मिरात घरोघर शिजणारे हाक हेही याच कुळातले. केलला कोबीसारखा गड्डा धरत नाही. मधोमध एक सरळ खोड वाढत जाते आणि त्याला चोहोबाजूंनी जाड, कुरळ्या कडांची पाने येतात. पालकापेक्षा पान टणक असते, त्यामुळे शिजायला थोडा अधिक वेळ लागतो. पण डाळीत घातले तर लहान मुलेही आवडीने खातात. त्यात चुना भरपूर असतो, आणि तो पालकातल्या चुन्यापेक्षा शरीराला अधिक लागू पडतो असे आहारशास्त्र सांगते.

आम्ही सप्टेंबरच्या अखेरीस कुंडीत बी टाकले. महिनाभराने आठ रोपे दीड-दीड फुटावर वाफ्यात लावली. शेणखत दिले. मावा आणि हिरवी अळी आली तेव्हा निंबोळीचा अर्क फवारला. डिसेंबर लागता लागता खुडणी सुरू झाली. या भाजीची खुडणी कशी करावी ते नीट सांगितले पाहिजे, कारण आमच्या प्रश्नाचे मूळ तिथेच आहे.

प्रत्येक पालेभाजीच्या तोडणीचा आपापला नियम असतो. मेथी मुळासकट उपटतात. पालक जमिनीपासून दोन बोटे वर कापला की पुन्हा फुटतो. अंबाडीचा शेंडा खुडला तर तिला बाजूने फांद्या येतात. केलचा नियम निराळा. तिचे नवे पान शेंड्यातून येते, म्हणून शेंड्याला हात लावायचा नाही. तळाची जुनी, पुरी वाढलेली पाने एकेक करून खोडापासून खाली मोडायची आणि वरची पाच-सहा पाने ठेवायची. ती पाने ऊन पितात, त्या बळावर शेंडा वाढतो, आणि आठ-दहा दिवसांनी खालची आणखी तीन-चार पाने तयार होतात. थंडी वाढली की पानात साखर उतरते आणि चव गोड होते. अशा रीतीने एक झाड डिसेंबरपासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत घराला पुरते. उन्हाळा चढला की पाने चिवट आणि कडू होतात व हंगाम संपतो.

या आठ झाडांना रोज पाणी कोण घालीत होते? आम्ही नव्हे. नोकरी आणि वचनाची सेवा यांमुळे आम्ही अनेकदा बाहेरगावी असतो. आमच्या घरामागे एक मावशी राहतात. त्या विधवा आहेत. हिवाळ्यात त्या कापूस वेचायला जातात आणि वेचलेल्या किलोमागे मजुरी घेतात. त्यांच्याजवळ सात वर्षांचा नातू असतो. पहाटे कामावर जाण्यापूर्वी आमच्या हौदातले पाणी बादलीने काढून त्या वाफ्याला घालीत. पैशांचे बोलणे निघाले तेव्हा त्याच म्हणाल्या, “पैसे राहू द्या दादा, पोराच्या डाळीत टाकाले पाला देत जा.” बुधवारी आणि शनिवारी एकेक जुडी, असे ठरले. दोन महिने हा क्रम सुरळीत चालला. आम्ही मनातल्या मनात याला आपले दान समजत होतो, हे आज लिहिताना लाज वाटते.

जानेवारीच्या अखेरीस मंडळीचा सुगीचा सण आला. वाचकांना हा सण परिचित आहेच. ज्याच्या त्याच्या घरचे धान्य, भाजी, फळे, कोंबड्या वेदीपुढे आणून ठेवतात, उपकारस्तुतीची उपासना होते आणि मग बाहेर मांडवात लिलाव होतो. शेतकरी बंधू कापसाची गाठोडी, तुरीची पोती आणतात. आमच्याकडे शेत नाही. दरवर्षी आम्ही पाकिटात काही रुपये घालून देतो आणि गर्दीत कुणाला दिसत नाही. या वर्षी मात्र आपल्या हातची वस्तू, आणि तीही कुणी न पाहिलेली, वेदीपुढे ठेवावी असा मोह झाला. शनिवारी संध्याकाळी टोपली घेऊन आम्ही वाफ्यात बसलो. खालची पाने मोडली. टोपली अर्धीच भरली. मग मधली मोडली. शेवटी टोपलीच्या वर हिरवा तुरा दिसावा म्हणून कोवळे शेंडेही कापले. त्या शनिवारची मावशींची जुडी द्यायची राहिली. बुधवारी देऊ असे म्हटले.

रविवारी टोपलीचे फार कौतुक झाले. लिलावात चढाओढ लागली. पाळकसाहेबांनी आमचे नाव घेऊन आभार मानले. आम्ही समाधानाने घरी आलो.

सोमवारी पहाटे बादलीचा आवाज आला आणि लगेच थांबला. आम्ही बाहेर गेलो. मावशी वाफ्याशी उभ्या होत्या.

“दादा, शेंडा बी तोडला काय?”

“सण होता मावशी. देवाला दिले.”

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “देवाले देलं तं बेस केलं. पण झाडाले ठेवाले पायजे होतं न थोडं.” एवढे बोलून त्यांनी त्या बोडक्या खुंटांना रोजच्यासारखे पाणी घातले आणि त्या कापसाला गेल्या. आपल्या जुडीविषयी त्यांनी चकार शब्द काढला नाही. आठ झाडांपैकी पाच वाळली. तिघांना बाजूने बारीक फुटवे आले, पण ते वाढेपर्यंत ऊन चढले आणि पाने कडू झाली. महिनाभराची भाजी एका टोपलीत गेली होती.

त्या दिवसापासून आम्ही या गोष्टीचा विचार करीत आहोत. देवाला देण्यासाठी आम्ही जे तोडले, ते तोडण्याचा अधिकार आमचा होता का?

झाडापासून घेणे हे पाप नाही, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. झाडपाला देवाने मनुष्याला अन्न म्हणून दिला, असे उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात आहे. पण घेण्याला शास्त्राने मर्यादाही घातली आहे. वाटेत पक्ष्याचे घरटे सापडले तर पिले न्यावीत, पण आईला सोडून द्यावे (अनुवाद २२). वेढा घातलेल्या नगराभोवतालच्या फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नये (अनुवाद २०). या दोन्ही आज्ञांचा रोख एकच दिसतो. जे आज मिळते ते घ्यावे. जिथून उद्या मिळणार आहे ते मोडू नये. शेंडा न खुडण्याचा नियम आम्ही बियांच्या पाकिटावर वाचला होता, आणि त्याहून थोर ग्रंथात त्याच अर्थाची आज्ञा वर्षानुवर्षे वाचीत आलो होतो. तरी हात थांबला नाही.

पण झाडे गेली हा या प्रकरणातला लहान भाग आहे. मोठा प्रश्न, ती पाने कोणाची होती हा. जमीन आमची, बी आमचे, म्हणून पाने आमची, असे आम्ही धरून चाललो होतो. अनुवादाच्या अकराव्या अध्यायात मोशे मिसर देश आणि वचनदत्त देश यांची तुलना करतो. तो देश आकाशातल्या पावसाचे पाणी पितो; मिसरात मात्र भाजीच्या मळ्याप्रमाणे माणसाला कष्टाने पाणी द्यावे लागे. भाजीच्या मळ्याची ही खूण मोशेने अचूक सांगितली आहे. शेत पावसावर पिकते, पण भाजीचा वाफा रोज कुणाच्या तरी कंबरेवर आणि मनगटावर पिकतो. आमच्याकडे हिवाळ्यात पाऊस नसतो. त्या प्रत्येक पानात मावशींनी उचललेली बादली होती. मग बुधवारची आणि शनिवारची जुडी ही आमची भीक कशी? ती तर मजुरी होती. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये, ही आज्ञा लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. आम्ही शनिवारची मजुरी अडवून ठेवली, येणाऱ्या महिन्याची मजुरी कापून टोपलीत भरली आणि ती वेदीपुढे ठेवून आपल्या नावाने आभार स्वीकारले.

आता प्रभूच्या त्या वचनाकडे वळू. परूशी पुदिना, सताप आणि हरएक भाजीचा दशमांश देत. घरच्या वाफ्यातल्या पानांचाही हिशेब ठेवणे ही लहान निष्ठा नव्हे, आणि प्रभूने ती टाकून द्या असे म्हटलेले नाही. तीही करायला हवी होती असेच तो म्हणतो. पण त्याच माणसांनी न्याय आणि देवाची प्रीती यांकडे पाठ फिरवली, म्हणून त्याने त्यांना हाय हाय म्हटले. हे वचन आम्ही अनेकदा उपदेशासाठी घेतले आहे, आणि प्रत्येक वेळी परूशी म्हणजे कोणी दूरचे दाढीवाले लोक असे समजूनच घेतले आहे. मार्काच्या सातव्या अध्यायात तर प्रभू याहून स्पष्ट बोलतो. आईबापांना जे द्यायचे ते ‘कुर्बान’ म्हणजे देवाला अर्पण केले असे म्हणून कोणी हात झटकीत असे. वस्तू देवाची झाली, आता माणसाचा तिच्यावर हक्क नाही! आम्ही मावशींना दिलेले उत्तर आठवून पाहा: “देवाला दिले.” कुर्बान हा शब्द आम्ही उच्चारला नाही, इतकेच.

येथे कोणी म्हणेल की भक्ती म्हटली की हिशेब सोडावाच लागतो. मंदिराच्या भांडारात दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेने मागे काही राखले नाही आणि प्रभूने तिची वाखाणणी केली. बेथानीच्या मरियेने मोलाचे सुगंधी तेल एकदम ओतले. मग शेंडा राखून देणे ही भक्तीची काटकसर नाही काय? हा आक्षेप खरा आहे आणि त्याने आम्हांस बरेच दिवस अडवून ठेवले. पण त्या विधवेने आपली उपजीविका टाकली होती. मरियेनेही आपल्याजवळचे ओतले. आमच्या टोपलीत विधवेची उपजीविका होती, पण टाकणारे आम्ही होतो. अरवन्याने खळे, बैल, लाकडे सारे फुकट देऊ केले तेव्हा ज्याला आपली काही किंमत पडली नाही ते देवाला अर्पण करायला दाविदाने नकार दिला (२ शमुवेल २४). आपले सर्वस्व देणाऱ्याला कोणी अडवू नये. मात्र आपल्या भक्तीच्या उत्साहात दुसऱ्याचे सर्वस्व टोपलीत येत नाही ना, हे टोपली भरताना पाहिलेच पाहिजे.

मावशींना त्या जुडीची गरज एवढी का होती, हेही आम्ही नंतर विचारले. त्यांनी सांगितले ते या भागातल्या पुष्कळ मजूर बायांचे सांगणे असेल. पूर्वी कापसाच्या आणि ज्वारीच्या शेतात निंदणाला गेले की बांधावरून, ओळींमधून तांदुळजा, घोळ, कुरडू, तरोटा अशी रानभाजी ओटीत घेऊन बाई घरी येई. कोणी शेतमालक तिला हटकीत नसे. आता निंदणाऐवजी तणनाशक फवारतात. तणाबरोबर तीही भाजी जळते, आणि जी उरते ती खायची भीती वाटते. फवारणारा शेतकरी दुष्ट असतो असे नाही. निंदणाची मजुरी त्याला परवडत नाही. पण शेताच्या कोपऱ्यातले पीक कापू नका, पडलेले कणीस उचलू नका, ते गरिबांसाठी आणि उपऱ्यांसाठी राहू द्या, अशी जी आज्ञा आहे (लेवीय १९), तिचे आमच्या मुलुखातले रूप ही बांधावरची भाजी होती. रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचायला गेली तेव्हा वेचायला काहीतरी होते. आज ती आमच्या गावी आली तर वेचायला तिला काय सापडेल? रानातला वाटा संपला म्हणून त्या बाईने आमच्या कुंपणाच्या आत, स्वतः पाणी घालून, एक वाटा मिळवला होता. तोही आम्ही सणाच्या नावाने कापला.

हे लिहिताना आणखी काही चेहरे डोळ्यांपुढे येतात. मंडळीतही अशी काही माणसे असतात ज्यांच्यापासून आपण रोज थोडे खुडतो. तुटपुंज्या मानधनावर चार गावे फिरणारा उपदेशक. दर सभेचा चहा ज्याच्या चुलीवर होतो ते पाळकाचे घर. शब्बाथशाळा वर्षानुवर्षे एकटीने चालवणारी बहीण. आपल्या घरातली माताही. ही माणसे सणाच्या आधी अधिक खुडली जातात, आणि देवाचे काम आहे म्हटल्यावर त्यांना नाही म्हणता येत नाही. त्यांनी आनंदाने दिले तर तो त्यांचा गौरव आहे. पण त्यांच्याजवळ उद्या फुटायला शेंडा उरला की नाही, हे विचारणे मागणाऱ्याचे काम आहे.

आम्ही काय केले ते सांगून हा लेख संपवतो. मावशींची क्षमा मागितली. त्या हसल्या आणि म्हणाल्या की झाडाचे काय, पुढच्या साली लागेल. उरलेल्या दिवसांच्या पाण्याची मजुरी आम्ही रोख दिली. ती घ्यायला त्या प्रथम तयार नव्हत्या. या वर्षी बारा रोपे लावली आहेत. पाण्याची मजुरी रोख ठरली आहे, आणि हौदाजवळची चार झाडे मावशींची आहेत. ती त्या स्वतः खुडतात. किती आणि केव्हा, ते त्यांनीच ठरवायचे. सुगीच्या सणाला काय न्यायचे ते आम्ही आमच्या आठ झाडांना विचारून ठरवू. टोपली लहान दिसेल, आणि लिलावात तिला मागच्या वर्षीसारखी बोली लागणार नाही. पाळकसाहेबांच्या कानावर आम्ही एक गोष्ट घातली आहे, की सणाच्या आधीच्या रविवारी मंडळीला एवढे विचारावे: ज्यांनी आपल्या शेतात, घरात, परसात कष्ट केले त्यांची मजुरी चुकती झाली आहे काय? त्यांनी ते मान्य केले आहे.

काल सकाळी मावशींचा नातू वाफ्यात आला होता. आजीने शिकवल्याप्रमाणे त्याने तळाचे एक पान धरले, खाली मोडले, आणि वरच्या शेंड्याला हात न लावता पुढच्या झाडाकडे गेला. जे शहाणपण आम्ही पदविका घेऊनही सणाच्या घाईत विसरलो, ते त्या मुलाला सात वर्षांत आले आहे. देवबापाने त्याच्या ताटात ते पान नित्य पडू द्यावे, आणि आपल्याला हात आवरण्याची बुद्धी द्यावी. आमेन.